लांब म्हणजे किती लांब?

आमचे सायखेडा गोदावरीच्या काठी आहे. निफाड तालुक्यातले हे कांदा-द्राक्षांचे गाव. आम्ही गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. गंगेच्या पलीकडे चांदोरी. मध्ये एक पूल. पूल ओलांडला की चांदोरी आलीच. माझी थोरली बहीण तिथे दिलेली आहे. लहानपणी मी तिच्याकडे भाजी, ताक, कधी नुसता निरोप पोहोचवायला जात असे. कुणी विचारले, "आक्काचं गाव किती लांब आहे?" तर आई म्हणायची, "लांब कसलं? हाक मारली तर ओ येईल."

२०१९ सालच्या ऑगस्टमध्ये गंगेला मोठा पूर आला. वर नाशिक, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी भागात पाऊस थांबेना. गंगापूर, दारणा या धरणांतून पाणी सोडले गेले. पुलाला पानवेलींचे ढीग येऊन अडकले, पूल रहदारीला बंद झाला, आणि सायखेडा-चांदोरी दोन्ही गावांत पाणी शिरले. आक्काच्या गल्लीत पाणी आल्याचे कळले आणि त्यानंतर तिचा मोबाइल बंद झाला. मेव्हण्यांना साखरेचा आजार, त्यांचे इंजेक्शन रोजचे. मी पुलाच्या अलीकडे उभा राहून पाहत होतो. पलीकडचे विजेचे खांब दिसत होते, घरांची छपरे दिसत होती. पण जाता येत नव्हते. हाक मारून ओ येण्यासारखे ते गाव तीन दिवस माझ्यापुरते जगाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते.

त्या तीन दिवसांत मला माझ्याच वर्गातला एक जुना प्रश्न आठवला. मी भूगोलाचा शिक्षक होतो. एकदा सातवीच्या वर्गात जगाचा नकाशा लावून मी मोठ्या देशाची आणि छोट्या प्रदेशाची तुलना शिकवत होतो. मोठा म्हणून आफ्रिकेतला काँगो घेतला. आफ्रिकेत दोन काँगो आहेत. त्यातला मोठा, ज्याची राजधानी किन्शासा, तो. छोटा म्हणून प्रशांत महासागरातले पिटकेर्न हे ब्रिटनच्या ताब्यातले बेट घेतले. काँगो आफ्रिकेच्या मधोमध सगळ्यांना दिसला. पिटकेर्न दाखवताना मात्र मी छडीचे टोक निळ्या रंगावर टेकवले, कारण त्या नकाशावर त्याचा ठिपकाही नव्हता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, या दोघांतलं लांब कोणतं?"

मी हसून म्हणालो, "अगं, पिटकेर्न. भर समुद्रात आहे ना!" उत्तर सोपे होते. पण पुराच्या वेळी लक्षात आले, की ते अपुरे होते.

आधी आकडे पाहू. काँगोचे क्षेत्रफळ सुमारे २३ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा महाराष्ट्र सव्वातीन लाखांच्याही आत, ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे काँगोत साडेसात महाराष्ट्र बसतील. नाशिक जिल्ह्याच्या मापाने मोजाल तर दीडशे नाशिक जिल्हे. लोकसंख्या १० कोटींच्या वर. देशाला नऊ शेजारी, आणि पूर्वेकडचे घड्याळ पश्चिमेपेक्षा एक तास पुढे.

आता पिटकेर्न. या नावाखाली चार बेटे येतात, पण माणसे राहतात ती एकाच बेटावर. ते बेट पाच चौरस किलोमीटरचेही नाही. आपल्याकडच्या एखाद्या बेताच्या खेड्याची शिवार एवढी असते. वस्तीचे नाव ॲडम्सटाउन. लोक किती? पन्नासच्या आसपास. आपल्याकडे एका लग्नाच्या एका पंगतीला याहून जास्त माणसे बसतात.

मात्र नकाशावरचा निळा रंग मोजायला घेतला की हिशेब फिरतो. किनाऱ्याभोवतीच्या समुद्रावर त्या प्रदेशाचा हक्क असतो. पिटकेर्नच्या चार बेटांभोवती २०१६ साली ब्रिटनने राखीव सागरी क्षेत्र जाहीर केले, ते सुमारे ८ लाख ३० हजार चौरस किलोमीटरचे. म्हणजे पन्नास माणसांच्या नावावर अडीच महाराष्ट्रांहून जास्त समुद्र! आणि तो अवाढव्य काँगो? त्याला समुद्राला टेकायला चाळीस किलोमीटरांचा किनाराही पुरता लाभलेला नाही. मोठा कोण आणि छोटा कोण, हे आपण काय मोजतो त्यावर ठरते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. लांब कोणते?

पिटकेर्नला विमानतळ नाही. तिथे जायचे तर आधी ताहिती, तिथून विमानाने मांगारेव्हा हे बेट, आणि मग जहाजाने सुमारे साडेपाचशे किलोमीटर. या शेवटच्या टप्प्याला दीड-दोन दिवस लागतात. जहाज बेटाला लागत नाही, किनारा खडकाळ आहे. ते खोल पाण्यात थांबते आणि बेटावरची माणसे लांबट होडी घेऊन लाटांतून त्याच्यापर्यंत जातात. ही होडी चालवायला धडधाकट हात लागतात. माणसे म्हातारी झाली, तरुण बाहेर गेले, तर होडी कोण काढणार, ही तिथली खरी चिंता आहे. १९३७ साली बेटावर २३३ माणसे होती. तिथून ती उतरत पन्नासवर आली.

काँगोची गोष्ट वेगळी वाटते, पण फार वेगळी नाही. तिथे समुद्र आडवा येत नाही, जमीनच आडवी येते. देशाच्या मधोमध घनदाट पर्जन्यवन, त्यातून वाहणारी काँगो नदी सुमारे ४,७०० किलोमीटर लांबीची. आपली गोदावरी १,४६५ किलोमीटरची, म्हणजे तिच्या तिपटीहून मोठी. पक्के रस्ते फार थोडे. किन्शासा ते किसंगानी हा सुमारे १,७०० किलोमीटरचा पट्टा नदीतूनच पार करायचा. माल आणि माणसे एकाच तराफ्यावर लादलेली, आणि प्रवासाला आठवडे लागतात. किन्शासाच्या खाली तर नदी धबधब्यांतून समुद्राकडे कोसळते, तिथे होडी चालतच नाही. म्हणून १८९० ते १८९८ या काळात मतादी बंदरापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटरचा लोहमार्ग टाकावा लागला. तो टाकताना असंख्य मजूर मेले.

आणि एक गंमत ऐका. किन्शासाच्या समोर, नदीच्या पलीकडच्या तीरावर, ब्राझाव्हिल आहे. ती दुसऱ्या काँगोची राजधानी. दोन राजधान्या एकमेकींना दिसतात, रात्री एकीचे दिवे दुसरीला दिसतात. पण मध्ये पूल नाही. माणसे बोटीने ये-जा करतात, आणि सरकारांचे बिनसले की बोटीही बंद होतात. हे वाचले तेव्हा मला परका देश परका वाटला नाही. ऑगस्टमधले आमचे सायखेडा-चांदोरी डोळ्यांपुढे आले.

आजारी माणसाच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडचे अंतर सारखेच होते. पिटकेर्नवर मुदतीवर येणारा एक डॉक्टर असतो. शस्त्रक्रियेची वेळ आली तर जहाजाची वाट पाहायची. काँगोच्या आतल्या खेड्यातही मोठे हॉस्पिटल म्हणजे होडी, मोटारसायकल आणि पायवाट यांचा काही दिवसांचा प्रवास. १९७६ साली यांबुकू नावाच्या अशाच एका आडगावी एबोलाचा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, तेव्हा तिथे पोहोचणे हेच डॉक्टरांपुढचे पहिले आव्हान होते. अंतर किलोमीटरमध्ये मोजणे हे निरोगी माणसाचे काम. आजारी माणूस ते तासांत आणि दिवसांत मोजतो.

पण लांब असण्याचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लांब म्हणजे जिथली हाक बाहेर ऐकू येत नाही ते ठिकाण.

१७८९ साली 'बाउंटी' नावाच्या इंग्रज जहाजावर बंड झाले. हे जहाज ताहितीहून नीरफणसाची रोपे वेस्ट इंडीजला नेत होते. आपल्या कोकणात नीरफणसाची भाजी करतात, तोच हा. बंडखोरांनी कप्तानाला होडीत घालून सोडून दिले आणि लपायला जागा शोधली. पिटकेर्न त्यांना सोयीचे वाटले, कारण १७६७ साली ज्याने ते नोंदवले त्याने नकाशावर जागा चुकवली होती, तीही तीनशेहून अधिक किलोमीटरने! नऊ बंडखोर, सहा पॉलिनेशियन पुरुष आणि बारा बायका १७९० मध्ये तिथे उतरले. त्यांनी जहाज जाळून टाकले. १८०८ साली एक अमेरिकन जहाज तिथे पोहोचले, तोवर आपसातल्या खुनाखुनीत आणि आजारात जवळजवळ सगळे पुरुष संपले होते. बंडखोरांपैकी एकच जिवंत होता. अठरा वर्षे जगाला पत्ता नव्हता.

ही झाली जुनी गोष्ट. १९९९ मध्ये बेटावर नेमणुकीवर आलेल्या एका महिला पोलिसाच्या कानावर एका मुलीची तक्रार आली. चौकशी झाली तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या मुलींवर होणारे अत्याचार उघडकीस आले. २००४ साली न्यूझीलंडहून न्यायाधीश आणि वकील बेटावर गेले, खटले चालले, आणि सात आरोपींपैकी सहा दोषी ठरले. पन्नास माणसांच्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा नातलग. तक्रार करायची कुणाकडे?

काँगोतही हेच घडले, फक्त प्रचंड प्रमाणावर. १८८५ पासून १९०८ पर्यंत हा सगळा मुलूख बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होती. रबर गोळा करण्यासाठी लोकांवर जुलूम झाले, हात तोडले गेले, गावे ओस पडली. युरोपला हे कळले कसे? मोरेल नावाचा एक जहाज कंपनीतला कारकून होता. अँटवर्प बंदरातले हिशेब पाहताना त्याच्या लक्षात आले, की काँगोहून रबर आणि हस्तिदंत भरभरून येते, पण तिकडे जाताना व्यापारी माल जात नाही, बंदुका आणि काडतुसे जातात. मोबदला न देता माल येतो, म्हणजे तो जबरदस्तीने घेतला जातो. त्याने नोकरी सोडली आणि आयुष्य या कामाला लावले. पुढे ब्रिटिश वाणिज्यदूत केसमेंट याचा अहवाल १९०४ साली आला आणि १९०८ मध्ये राजाच्या हातून काँगो गेला.

पाच चौरस किलोमीटर असो वा साडेतेवीस लाख, जिथून खबर बाहेर येत नाही तिथे दुबळ्याचे हाल होतात. एकीकडे एका महिला पोलिसाने कान दिला, दुसरीकडे एका कारकुनाने वह्या नीट वाचल्या, म्हणून पडदा उघडला.

आपलाही काँगोशी संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान तिथे १९६० पासून गेले. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना १९६१ साली तिथेच वीरमरण आले आणि परमवीरचक्र मिळाले. आणि जगातले निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघते. ते मोबाइलच्या बॅटरीत असते. पुरात आक्काचा जो मोबाइल बंद पडला, त्यातही कदाचित काँगोच्या मातीचा अंश असेल. माल एवढ्या लांबून बिनबोभाट येतो. माणसाची हाक मात्र वाटेत अडते.

आपल्या राज्यातही अशी बेटे आहेत. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. चार ओळींची बातमी, आपण पान उलटतो. मीही उलटत होतो. पूल आपला बुडाला तेव्हा कळले, की त्या चार ओळींत कुणाची तरी बहीण असते.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरले. मी चिखल तुडवत चांदोरीला गेलो. आक्का आणि मेव्हणे शेजाऱ्यांच्या माडीवर सुखरूप होते. इंजेक्शनही शेजाऱ्यांनीच कुठून तरी मिळवले होते. आक्काने मला पाहिले आणि म्हणाली, "नाशिकची माणसं येऊन गेली रे, तू मात्र आला नाहीस." ती रागावली नव्हती, पण माझ्या मनाला ते लागले.

ती सातवीतली मुलगी आज कुठे आहे मला माहीत नाही. भेटली तर तिला सांगेन, की बाई, त्या दिवशी मी घाईने उत्तर दिले. काँगो लांब नाही आणि पिटकेर्नही लांब नाही. अडचणीच्या वेळी ज्याच्यापर्यंत आपण पोहोचू शकत नाही, आणि ज्याची हाक आपल्यापर्यंत येत नाही, ते लांब. मग ते पृथ्वीच्या पाठीवर कुठेही असो, नाहीतर पुलाच्या पलीकडे.