लेथवरचे लाकडी पेन: कुठे बिनसते आणि का

सात मिलिमीटरच्या पितळी नळीवर कातलेल्या बारीक पेनच्या टोकाशी लाकूड जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर उरते. त्यामुळे कातताना दिसणारा दोष बहुधा लेथ सुरू होण्याआधीच झालेला असतो.

पहिली चूक भोक पाडताना होते. ड्रिल सलग दाबले की भुसा अडकतो, लाकूड तापते आणि आतून बारीक तडा जातो. शिसवीसारख्या कठीण, तेलकट लाकडात तर ड्रिल वारंवार वर काढून भुसा झाडावाच लागतो. ड्रिल बाहेर पडते तिथे लाकूड फुटते. म्हणून ठोकळा थोडा लांब ठेवून फुटका भाग नंतर कापून टाकतात.

नळी सँडपेपरने खरवडून, गोंद लावून, फिरवत आत सरकवावी. झटपट चिकटणारा गोंद तिला कधीकधी अर्ध्यातच धरतो. इपॉक्सी सवड देते. गोंदात पोकळी राहिली, तर कातताना नेमका तेवढाच टवका उडतो.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पेन गोल न येण्याचा. एका बाजूला लाकूड बुशिंगशी (ठोकळ्याच्या टोकाला लावलेल्या मापाच्या कडीशी) सपाट, दुसऱ्या बाजूला उचललेले, आणि दोष मात्र हत्याराला दिला जातो. खरे कारण बहुतेकदा टेलस्टॉक (लेथच्या दुसऱ्या टोकाचा आधार) अति आवळल्याने वाकलेला मँड्रेल (ठोकळा ज्यावर चढवतात तो दांडा) असतो. टेलस्टॉक सैल करून मँड्रेल नुसताच फिरवला की डगमग लगेच कळते. ती नसेल तर ठोकळ्याची टोके काटकोनात आहेत का, बुशिंग झिजले आहे का, ते पाहावे. टोके तासताना पितळेची चकचकीत कडी दिसली की थांबावे. त्यापुढे नळीच आखूड होते.

टवके उडू लागले तर हत्याराला पुन्हा धार लावून अगदी हलके काप घ्यावेत. कमकुवत जागी पातळ गोंद मुरवून मग कातले तरी चालते. घोटताना पडलेले आडवे ओरखडे लेथ थांबवून, तंतूंच्या दिशेने सँडपेपर फिरवूनच जातात. पोलादी बुशिंगची काळी पूड फिक्या लाकडात मुरते, ती प्रत्येक वेळी पुसावी.

जोडताना पेन चिरले तर नळीत सुकलेला गोंद शोधावा आणि खरवडून काढावा. काही आठवड्यांनी उभी चीर पडली तर लाकूड ओले होते: ते आकसते, आतले पितळ आकसत नाही.