साथीच्या रोगांचा प्रतिबंध : पदव्युत्तर शिक्षणाची एक दुर्लक्षित वाट

दरवर्षी वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, की आपल्या वस्त्यांतून दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरात पेढे वाटले जातात. दुसऱ्या दहा घरांत मात्र मुलगा किंवा मुलगी मान खाली घालून बसलेली असते, आणि आईवडील म्हणतात, 'डॉक्टर व्हायचं राहिलं, आता कुठंतरी क्लार्कची परीक्षा दे.' ज्याला लोकांच्या आजारपणात उपयोगी पडायचे आहे त्याच्यासाठी एम.बी.बी.एस. हे एकच दार आहे, आणि ते बंद झाले की सारेच संपले, अशी आपली समजूत झालेली आहे. ही समजूत चुकीची आहे. रोग बरा करणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच तो होऊ न देणे महत्त्वाचे आहे. या दुसऱ्या कामाचे स्वतंत्र शास्त्र आहे, पदव्युत्तर शिक्षण आहे, आणि त्याचे दार अनेक शाखांच्या पदवीधरांना खुले आहे. प्रस्तुत लेखात त्या शिक्षणाची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

औषधावाचून गेलेला रोग

सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय, हे समजण्यासाठी नारूचे उदाहरण घेऊ. आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना हा रोग आठवत असेल. पायावर फोड येई, तो फुटे आणि त्यातून दीड-दोन हात लांब दोऱ्यासारखा कृमी दिवसेंदिवस बाहेर पडत राही. ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस अंथरुणाला खिळे. या रोगावर ना लस होती, ना कृमी मारणारे औषध. तरीही तो आपल्या देशातून गेला. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला.

हे कसे घडले? नारूचा रुग्ण ठणका शमविण्यासाठी पाय पाण्यात बुडवी आणि त्या वेळी कृमीची असंख्य पिल्ले पाण्यात उतरत. ती पाण्यातील बारीक किड्यांच्या पोटात वाढत. ते पाणी दुसरा माणूस प्यायला, की सुमारे वर्षभराने त्याच्या अंगातून नारू निघे. हे चक्र कळल्यावर उपाय सोपे होते. पाणी दाट कापडाने गाळून प्यावे, रुग्णाला पाण्यात उतरू देऊ नये, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून पोहऱ्याने पाणी काढण्याची सोय करावी, हातपंप बसवावेत, पाण्यात किडे मारणारे टेमेफॉस टाकावे. या कामात घरोघर फिरणारा कार्यकर्ता, नोंदवही ठेवणारा कर्मचारी, विहीर बांधणारा अभियंता आणि गाळणे धरणारी गृहिणी या सर्वांचा वाटा होता. डॉक्टर एका रुग्णाकडे पाहतो, सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक संपूर्ण गावाकडे पाहतो. फरक एवढाच आहे, परंतु तो फार मोठा आहे.

साथीचा माग कसा काढतात?

या शिक्षणाचा कणा म्हणजे साथरोगशास्त्र होय. रोग कोणाला झाला, कोठे झाला, केव्हा झाला आणि ज्यांना झाला नाही त्यांना तो का झाला नाही, हे प्रश्न या शास्त्राच्या मुळाशी आहेत. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेल्या घरांची चौकशी केली. बहुतेक घरे एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी वापरीत होती. जवळच्या बीअरच्या कारखान्यातील कामगार मात्र बहुतांशी वाचले होते, कारण ते त्या पंपाचे पाणी पीतच नसत. स्नो यांच्या आग्रहामुळे पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे, परंतु रोग पाण्यातून पसरतो हे त्यांनी दाखवून दिले. कॉलऱ्याच्या जंतूचा उलगडा रॉबर्ट कॉख यांनी त्यानंतर तीस वर्षांनी, १८८४ साली केला, आणि तोही आपल्या कोलकात्यात राहून. म्हणजे जंतूची ओळख नसतानाही केवळ नीट विचारलेल्या प्रश्नांवरून रोगाची वाट सापडू शकते.

आता एक साधे गणित करू. समजा, एका वस्तीत २०० माणसे आहेत आणि तेथे जुलाब-उलट्यांची साथ आली. १२० माणसे नळाचे पाणी पितात, त्यांपैकी ३० आजारी पडली. ८० माणसे कूपनलिकेचे पाणी पितात, त्यांपैकी ४ आजारी पडली. नळवाल्यांत आजाराचे प्रमाण २५ टक्के, तर कूपनलिकावाल्यांत ५ टक्के. म्हणजे नळाचे पाणी पिणाऱ्यांना धोका पाचपट. संशय नळावर जातो. पण खरा अभ्यासक येथेच थांबत नाही. नळावरची घरे आदल्या दिवशी एकाच लग्नाच्या पंगतीला तर गेली नव्हती ना, हेही तो विचारतो. पाण्याचा नमुना तपासायला पाठवितो. मगच बोलतो. घाईने निष्कर्ष न काढण्याची ही शिस्त म्हणजेच शिक्षण.

अभ्यासक्रमात काय असते?

मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ म्हणजे एम.पी.एच. हा आपल्याकडे साधारणतः दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यात साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, पर्यावरण व आरोग्य, आरोग्यसेवेचे व्यवस्थापन व धोरण, तसेच समाजशास्त्र व लोकांच्या सवयींचा अभ्यास हे मुख्य विषय असतात. त्यानंतर प्रत्यक्ष क्षेत्रात काम आणि शेवटी प्रबंध.

संख्याशास्त्राचे नाव काढताच आपले विद्यार्थी दचकतात. परंतु त्याची गरज का आहे ते पाहा. गोवर हा अतिशय वेगाने पसरणारा रोग आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो. म्हणून सुमारे ९५ टक्के मुलांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाल्याशिवाय गोवर थांबत नाही. शहराची सरासरी चांगली असली, तरी त्याच शहरातील एखाद्या वस्तीत लसीकरण मागे पडलेले असते आणि साथ नेमकी तेथेच पेटते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात हेच दिसले. करोनाच्या काळात लसीकरण खंडित झालेले होते, त्याची किंमत लहान मुलांनी मोजली. सरासरीच्या आकड्यामागे लपलेली वस्ती शोधून काढणे हे संख्याशास्त्राचे काम आहे.

प्रश्न कोण विचारतो?

संसर्गजन्य रोग सर्वांना होतात, पण सर्वांना सारखे होत नाहीत. दाटीची खोली, अर्धपोटी शरीर आणि गढूळ पाणी यांचा रोगाशी जुना घरोबा आहे. म्हणून या क्षेत्रातील संशोधनाने गरिबांचे भले कसे झाले, याची दोन उदाहरणे द्यावीशी वाटतात.

पूर्वी क्षयरोग्याला घरापासून दूर आरोग्यधामात महिनोन् महिने ठेवणे आवश्यक मानीत. गरिबाला ते कोठून परवडणार? मद्रास येथील क्षयरोग केंद्राने आरोग्यधामातील आणि घरी राहून औषध घेणारे रुग्ण यांची तुलना केली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : घरी, दाटीच्या वस्तीत राहून, नियमित औषधे घेणारे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे होतात आणि त्यामुळे घरातल्यांना अधिक धोका होत नाही. जगभरातील क्षयरोगाच्या उपचाराची पद्धत या अभ्यासाने बदलली.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा शिधा दिला आणि काय फरक पडतो ते मोजले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर तपासणीत जंतू सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. पोटभर अन्न हेही रोगप्रतिबंधक आहे, ही गोष्ट आपल्या आजीला ठाऊक होती. पण आजीचे म्हणणे शासनदरबारी चालत नाही, मोजलेला आकडा चालतो.

येथेच आपल्या विद्यार्थ्यांचे महत्त्व आहे. सर्वेक्षण करणारा विचारतो, 'पाणी कुठलं भरता?' उत्तर येते, 'नळाचं.' कागदावर शुद्ध पाण्याची खूण होते. ज्याने लहानपणी हंडा घेऊन रांगेत रात्र काढली आहे, तो पुढचे विचारील : नळाला पाणी किती वाजता येते? किती वेळ टिकते? जलवाहिनी गटारातून गेली आहे काय? कारण पाणी बंद झाले, की रिकाम्या नळात दाब कमी होतो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी पहिला हंडा त्याच पाण्याने भरतो. ज्ञान पुस्तकातून मिळते, पण कोणता प्रश्न विचारावा हे पुष्कळदा जगण्यातून कळते. आपल्या वस्त्यांवर आजवर पुष्कळ सर्वेक्षणे झाली. आता सर्वेक्षणाची प्रश्नावली तयार करणाऱ्यांत आपली मुलेमुली असली पाहिजेत.

२०२० साली धारावीत करोनाचा शिरकाव झाला, तेव्हाही असाच धडा मिळाला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या त्या दाट वस्तीत 'घरीच वेगळे राहा' हा सल्ला निरुपयोगी होता. दहा बाय दहाच्या खोलीत वेगळे कोठे राहणार? म्हणून महानगरपालिकेने घरोघर तपासणी केली, ताप तपासणी केंद्रे उघडली, शाळा व सभागृहांत विलगीकरणाची सोय केली, सार्वजनिक शौचालयांची वारंवार सफाई केली. वस्तीचे वास्तव ओळखून उपाय आखला म्हणूनच तो लागू पडला.

प्रवेश कोठे व कोणाला?

एम.बी.बी.एस. झालेल्यांना प्रवेश परीक्षेद्वारे सामुदायिक वैद्यकशास्त्रात तीन वर्षांची एम.डी. करता येते. एम.पी.एच.साठी दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या या शाखांचे पदवीधर जातात, आणि अनेक संस्थांत जीवशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य, समाजशास्त्र इत्यादी विषयांचे पदवीधरही घेतले जातात. काही संस्था मात्र वैद्यकीय पदवीचाच आग्रह धरतात, म्हणून प्रत्येकीचे माहितीपत्रक स्वतंत्रपणे वाचावे.

कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ पासून या क्षेत्रात आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील अच्युत मेनन केंद्र, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सामाजिक वैद्यक केंद्र यांचीही नावे घ्यावी लागतील. ज्यांना प्रयोगशाळेची आवड आहे त्यांच्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सहकार्याने चालत आलेला विषाणूशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना देशातील शिक्षणासाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तर परदेशातील उच्च शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. परदेशी शिष्यवृत्तीला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. केवळ आरोग्यशास्त्राला वाहिलेल्या काही नामांकित संस्था सर्वसाधारण क्रमवारीत दिसत नाहीत, म्हणून प्रवेश निश्चित करण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात वाचून खात्री करून घ्यावी. जातीचा दाखला, जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवावा. दाखल्यावाचून गेलेली संधी परत येत नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी

नुसती गोड बाजू सांगणे बरे नव्हे. एम.पी.एच. झाल्याने रुग्णावर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. शासकीय आरोग्य योजनांतील अनेक पदे कंत्राटी असतात आणि काही वरिष्ठ पदे वैद्यकीय पदवीधरांसाठीच राखलेली असतात. खाजगी संस्थांचे शुल्क मोठे असते. म्हणून कर्ज काढण्यापूर्वी संस्थेला मान्यता आहे काय, क्षेत्रकार्य खरोखर करून घेतात काय, आणि मागील विद्यार्थी आज कोठे काम करतात, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पदवीच्या काळातच संख्याशास्त्राची पायाभरणी, इंग्रजी वाचनाची सवय आणि संगणकावर तक्ते करण्याचा सराव केल्यास पुढची वाट सोपी जाते. आशाताईंबरोबर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काही दिवस हिंडून पाहिल्यास आपल्याला हे काम आवडते की नाही, हेही कळून येते.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णसेवेला वाहून घेतले. मुंढव्याच्या वस्तीतील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. म्हणजे ज्या वेळी त्या पाठीवर मूल घेऊन चालत होत्या, त्या वेळी रोगाची वाट कोणालाच नीटशी ठाऊक नव्हती.

आज ती वाट शोधण्याचे शास्त्र उपलब्ध आहे. विद्यार्थी मित्रहो, करुणा त्यांच्याकडे होती, ती आपल्याकडेही असावी. तिला ज्ञानाची जोड देणे आपल्या हाती आहे. यंदा आपल्या वस्तीतून एक जरी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी या वाटेने गेली, तरी पुढच्या साथीच्या वेळी आपल्या नळावर येऊन योग्य प्रश्न विचारणारे माणूस आपल्यातलेच असेल.