वृक्षवलये व वृक्षाचे स्वास्थ्य

वृक्षाच्या खोडाच्या आडव्या छेदात दिसणाऱ्या समकेंद्री पट्ट्यांना वृक्षवलये म्हणतात. साल व काष्ठ यांच्यामध्ये असलेला ऊतककर हा विभाजी कोशिकांचा थर वाढीच्या हंगामात आतील बाजूस नवे काष्ठ निर्माण करतो. प्रतिकूल ऋतूत हे कार्य थांबते व तेथे वलयाची सीमा उमटते. उष्ण प्रदेशातील बहुतेक सदापर्णी वृक्षांत ही सीमा अस्पष्ट असते. साग मात्र पानझडी असून त्याच्या काष्ठात प्रत्येक हंगामाच्या आरंभी मोठ्या वाहिन्यांची रांग तयार होत असल्याने त्याची वलये नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात.

पाण्याचा तुटवडा पडला की पानांवरील त्वग्रंध्रे मिटतात आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. तथापि त्याही आधी ऊतककराचे कार्य मंदावते, कारण नव्या कोशिका फुगण्यास लागणारा जलदाब कमी पडतो. शिवाय साठ्यातील अन्न प्रथम कळ्या व मुळे यांच्याकडे जाते आणि खोडाची जाडी वाढविण्याचे काम मागे पडते. त्यामुळे पर्णमुकुट वरवर हिरवागार दिसत असतानाही वलये अरुंद होऊ लागलेली असतात. मुकुट विरळ होणे, शेंड्याकडील फांद्या वाळणे ही लक्षणे पुष्कळदा त्यानंतर काही वर्षांनी प्रकट होतात. हंगामारंभीचे काष्ठ बव्हंशी आदल्या वर्षीच्या साठ्यावर बनते. म्हणून एका अवर्षणाची खूण पुढील वर्षाच्या वलयातही आढळते. अत्यंत क्षीण वृक्षात बुंध्याच्या तळाशी एखाद्या वर्षी वलय मुळीच बनत नाही. उलट पहिल्या पावसानंतर दीर्घ उघडीप पडल्यास एकाच वर्षात दुसरे, खोटे वलय दिसते. ओंडक्यावरील वलये नुसती मोजून वय सांगण्याचा प्रघात यामुळेच बेभरवशाचा ठरतो.

अरुंद वलय म्हणजे दुष्काळच, असेही नाही. सागाची कोवळी पाने हिब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्या हंगामाच्या प्रारंभी फस्त करतात. वृक्ष सहसा मरत नाही, त्याला नवी पालवी फुटते. परंतु वाढीचा मोलाचा काळ वाया जातो. केरळमधील निलांबूर येथे कोवळ्या लागवडीवर झालेल्या व १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या किडीमुळे काष्ठवाढीतील सु. ४४ टक्के घट नोंदली गेली. पानांची जाळी करणाऱ्या दुसऱ्या अळीचा उपद्रव हंगामाच्या अखेरीस होतो, त्यामुळे पाने भकास दिसली तरी त्या मानाने वलयावर परिणाम कमी होतो. दाट लागवडीतील स्पर्धा आणि वाढते वय यांमुळेही वलये अरुंद होतात.

हे घटक वेगळे काढण्यासाठी अनेक वृक्षांतील रुंद व अरुंद वलयांचा क्रम परस्परांशी जुळवून पाहतात. ही पद्धत अमेरिकन ज्योतिर्विद अँड्रू एलिकट डग्लस (१८६७–१९६२) यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली. सौरडागांच्या चक्राचा हवामानावरील परिणाम शोधताना ते वृक्षांकडे वळले होते, हे विशेष. वृक्ष न तोडता, पोकळ गिरमिटाने सु. ५ मिमी. व्यासाचा काष्ठनमुना काढून घेतात. एका वृक्षावर आलेली आपत्ती जुळणीत बाजूस पडते, तर सर्व वृक्षांत एकाच वर्षी आलेला संकोच हवामानाकडे निर्देश करतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी केरळमधील सागाच्या वलयांवरून ५२३ वर्षांची मालिका तयार करून ती २०१० मध्ये प्रसिद्ध केली. तीत अरुंद वलयांचा अपुऱ्या मॉन्सूनशी व एल निन्योच्या वर्षांशी संबंध आढळला. पर्जन्यमापकांच्या नोंदी भारतात जेमतेम दोन शतके मागे जातात. त्यापूर्वीच्या अवर्षणांचा माग घेण्यास अशा मालिका उपयोगी पडतात.