जुन्या तांदळाचा गोळाभात

माय-बहिणींनो, भंडाऱ्याकडे धानाला तोटा नाही. पण आपल्या घरचा भात मोकळा होतो का? यंदाचा नवा तांदूळ चिकटतो, पाणीही कमी ओढतो. गोळाभाताला वर्षभर मुरलेला जुनाच घ्या. चिन्नोर असला तर वासानेच मुलं ताटावर येतील! चिन्नोर उशिरा निघतो, उंच वाढून लोळतो, उतारा कमी देतो. म्हणून बऱ्याच बांध्यांतून तो मागे पडला. तरी घरापुरती एक बांधी त्याची राखावी, असे आम्हांस वाटते. सगळेच विकायचे, मग खायचे काय?

2 वाट्या तांदूळ धुऊन 4 वाट्या पाण्यात शिजत ठेवा. तोवर 1 वाटी हरभरा डाळीच्या जाडसर पिठात तिखट, हळद, हिंग, मीठ व 2 चमचे गरम तेल घालून, बेताच्या पाण्याने लिंबाएवढे गोळे वळा. भातावरचे पाणी आटत आले की गोळे वर ठेवून झाका. 15 मिनिटे मंद आच द्या. घाई केली तर गोळे आतून कच्चे राहतात. ताटात गोळा भातात कुस्करून वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी घाला. तेलाला हात आखडू नका. सोबत चिंचेचे सार वाढा.