हंगाम फसला, म्हणजे निर्णय चुकले का?

मंडळी, आता बेसबॉलमधलं एक उदाहरण घेऊ. जनरल मॅनेजर म्हणजे संघ बांधणारा माणूस. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, करार किती वर्षांचा, हे तो ठरवतो. मैदानावरचे डावपेच दुसरा माणूस बघतो.

२०२३ साली सॅन डिएगो पाड्रेस संघाने १६२ पैकी ८२ सामने जिंकले, ८० हरले. आदल्या वर्षी नॅशनल लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेला हा संघ! साहजिकच बोट गेलं जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांच्याकडे.

पण आकडे जरा उलगडून पाहू. संघाने ७५२ धावा केल्या, ६४८ दिल्या. एवढ्या फरकाने साधारण ९२ विजय मिळायला हवेत. मग ते गेले कुठे? एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांत ९ जय आणि २३ पराजय! यात नशिबाचा वाटा मोठा असतो. ते दरवर्षी असंच वागत नाही.

मग प्रेलर निर्दोष? तसंही नाही. तिशीतल्या झँडर बोगार्ट्सला त्यांनी ११ वर्षांसाठी २८ कोटी डॉलर कबूल केले. त्याच्या शॉर्टस्टॉपच्या जागी किम हा-सोंग आधीच उत्तम खेळत होता. संघ ९२ सामने जिंकला असता, तरी हा प्रश्न उरलाच असता.

२०२४ मध्ये प्रेलर यांचाच संघ ९३ सामने जिंकला. पण म्हणून जुने सगळे निर्णय बरोबर ठरत नाहीत. निकाल काय लागला हा एक प्रश्न, आणि ठरवताना हाती काय माहिती होती हा दुसरा. न्याय करताना आपण दुसरा आधी विचारू.