शेवटच्या रातपाळीनंतर

आज ३१ मे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून हीच जन्मतारीख लिहून टाकली, अशा पिढीतली बरीच माणसं आज निवृत्त होत आहेत. यंदा तारीख रविवारी आल्यामुळे कचेऱ्यांमधल्या शाली, श्रीफळं आणि भाषणं आधीच उरकली असतील. पाळीत काम करणाऱ्यांना मात्र रविवार नसतो. वीजकेंद्रातला ऑपरेटर, सरकारी रुग्णालयातली परिचारिका, मुक्कामी गाडी घेऊन जाणारा एसटीचा चालक, लोकलचा मोटरमन यांच्यापैकी कुणाची तरी आजही ड्युटी आहे. रिलीव्हर आल्याशिवाय शेवटच्या दिवशीही त्याला जागा सोडता येणार नाही.

राज्य मंत्रिमंडळाने गेल्या सप्टेंबरात कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबरला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. तेव्हापासून ओव्हरटाइम, लेखी संमती, गुंतवणूक यांवर भरपूर बोललं गेलं. पण तीस-पस्तीस वर्षं फर्स्ट, सेकंड, थर्ड करून जो माणूस गेटबाहेर पडतो, त्याच्या शरीराचं पुढे काय होतं, हे कुणी विचारलेलं मला दिसलं नाही. पाळी लांबवण्याआधी हाच प्रश्न विचारायला हवा होता.

निरोप समारंभात प्रत्येक वक्ता सांगतो, ‘आता निवांत झोपा.’ ही झोप खरंच मिळते का? फ्रान्समधल्या सरकारी वीज आणि गॅस कंपनीच्या चौदा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना निवृत्तीच्या आधी सात वर्षं आणि नंतर सात वर्षं, दरसाल झोपेविषयी विचारण्यात आलं. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निवृत्तीच्या आदल्या वर्षी शंभरातले २४ जण झोपेच्या तक्रारी सांगत होते. निवृत्तीनंतरच्या वर्षी हा आकडा १८ वर आला. रात्रीचं काम केलेल्यांमध्ये सुधारणा अधिक ठळक होती. इथवर वाचून हायसं वाटतं. पण अमेरिकेत पिट्सबर्गच्या टिमथी मंक यांनी पासष्टी ओलांडलेल्या निवृत्तांशी दूरध्वनीवरून बोलून केलेला अभ्यास २०१३ मध्ये आला, आणि त्यात पाळीत काम केलेल्यांची झोप दिवसपाळीवाल्यांपेक्षा वाईटच निघाली. काम सुटून कित्येक वर्षं लोटली होती, तरीही.

या दोन निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. फ्रेंच कर्मचाऱ्यांच्या नोकरीला धोका नव्हता, निवृत्तीचं वय ५५ ते ६० होतं आणि पेन्शन पगाराच्या ८० टक्के होती. ही बाब संशोधकांनी स्वतःच नोंदवली आहे. नोकरी संपते तेव्हा माणसाच्या हाती काय असतं, त्यावर त्याची झोप ठरते. त्याकडे पुढे येऊ. आधी शरीराकडे पाहू.

२०१७ च्या नोबेलनंतर शरीरातल्या घड्याळाविषयी मराठीतही पुष्कळ लिहून आलं, ते इथे पुन्हा सांगत नाही. त्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचं नाव मात्र फारसं आलं नाही, आणि निवृत्त माणसाला सर्वांत उपयोगी पडेल असं काम त्यांचंच आहे. मदुराई कामराज विद्यापीठातले एम. के. चंद्रशेखरन. मदुराईच्या परिसरातल्या गुहांमध्ये वटवाघळांच्या वसाहती आहेत. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेच्या अगदी आत, जिथे उजेडाचा किरणही पोचत नाही, तिथे पिंजऱ्यात वटवाघळं ठेवली. बाहेर संध्याकाळ झाली हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. तरीही गुहेतली मोकळी वटवाघळं शिकारीला निघत, त्याच सुमाराला पिंजऱ्यातलीही जागी होऊन हालचाल करू लागत. मग संशोधकांनी ती अशा ठिकाणी ठेवली, जिथे दुसरं एकही वटवाघूळ नव्हतं. त्यांचं आतलं घड्याळ थांबलं नाही, पण ते रोज थोडं थोडं सरकत गेलं आणि बाहेरच्या दिवसरात्रीशी त्याचा मेळ राहिला नाही.

त्यांचा दुसरा प्रयोग तर मला अजूनच विलक्षण वाटतो. शेतातल्या उंदरांची पिल्लं त्यांनी दिवसरात्रीचा मागमूस लागणार नाही अशा ठिकाणी ठेवली आणि त्यांची आई रोज १२ तास जवळ, १२ तास दूर असा क्रम लावला. पिल्लांचं घड्याळ आईच्या येण्याजाण्यावर जुळलं. १९८५ मध्ये ‘नेचर’ने हे संशोधन छापलं. आपल्या जातीच्या जिवांची ये-जा हीसुद्धा शरीराला वेळ सांगते, हे एका भारतीय प्रयोगशाळेने चाळीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. शाळेच्या पुस्तकांत ते का नाही, याचं मला वाईट वाटतं.

माणूस म्हणजे वटवाघूळ नव्हे. आपलं घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं, हे खरंच. पण पाळीतल्या माणसाचं आयुष्य आठवा. त्याचे सोबती म्हणजे त्याच्या पाळीची माणसं. पहाटे तीनला कँटीनमध्ये चहा घेणारी तीच, एकमेकांसाठी डबल ड्युटी मारणारी तीच, सणाला ऑफ बदलून देणारीही तीच. गल्लीतली माणसं त्याला ओळखतात ती दुपारी दार लावून झोपणारा म्हणून. निवृत्तीच्या दिवशी पाळीबरोबर हा कळपही सुटतो. मग तो रात्री दोनला उठून खोलीत फेऱ्या मारतो, सकाळी नऊला पेंगतो, दुपारी तीन तास झोपतो आणि पुन्हा रात्री दोनला जागा होतो. घड्याळ जुळवून द्यायला जवळ कुणीच नसतं.

म्हणून निवृत्तांना छंद जोपासा असं सांगितलं जातं, ते मला अपुरं वाटतं. ठरलेली वेळ हवी, आणि त्या वेळी समोर माणसं हवीत. सकाळी सहाचा बागेतला गट हा पाळीवाल्यासाठी सर्वांत चांगला उपाय, कारण तिथे कोवळं ऊन आणि सोबत दोन्ही एकदम मिळतं. पहाटेची काकड आरती, गावच्या वाचनालयाची उघडायची वेळ, नातवाला शाळेत सोडणं, काहीही चालेल. फक्त उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही बदलू नका. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. जागं राहण्यासाठी लागलेली तंबाखू, मिश्री आणि रात्रीचा चहा आता कुणासाठीच लागत नाही. झोपेची गोळी मात्र मनाने घेऊ नका. मोठ्याने घोरत असाल, श्वास अडकून जाग येत असेल, तर ते थकव्याचं लक्षण समजून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब आणि साखरही तपासून घ्या.

घरातल्या बाईविषयी इथे लिहायलाच हवं. नवऱ्याची थर्ड असताना पोरांना गप्प बसवणं, कुकरची शिट्टी लांबवणं, तीन वेगवेगळ्या वेळांना डबा करणं हे सगळं तिने केलं. तिनेही पाळ्याच केल्या, हजेरी लागली नाही इतकंच. आता तो दिवसभर घरात असेल, तर तिची मोकळी दुपार तिच्यापासून काढून घेऊ नये. आणि ज्या परिचारिका रात्र करून आठला घरी येत आणि लगेच ओट्यापाशी उभ्या राहत, त्यांच्या निवृत्तीनंतर स्वयंपाकघराची पाळी घरच्यांनी वाटून घेतली पाहिजे. तसं झालं नाही तर त्या अर्ध्याच निवृत्त झाल्या.

आता पैशाकडे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांचं एक वेळ ठीक. खासगी कारखान्यातल्या कामगाराची कर्मचारी पेन्शन योजनेतली (ईपीएस-९५) पेन्शन ‘पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०’ अशी निघते. त्यातला पगार आधी ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपयांपर्यंतच धरला गेला. योजना सुरू झाली त्या १९९५ च्या अखेरीस रुजू झालेल्या आणि जादा पेन्शनचा पर्याय न मिळालेल्या कामगाराचा हिशोब मांडला, तर तीस वर्षांनंतर महिन्याची रक्कम पाच हजारांच्या आतच बसते. २०१४ मध्ये किमान पेन्शन ठरली ती १,००० रुपये. ती साडेसात हजार करा, म्हणून बुलढाण्याच्या अशोक राऊत यांच्या पुढाकाराने म्हातारी माणसं वर्षानुवर्षं आंदोलन करत आली. एवढ्या पेन्शनवर घर चालत नाही. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनीतून बाहेर पडलेला माणूस काही महिन्यांत एखाद्या सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो, बारा तास, बहुधा रात्रीचे. जी रातपाळी सोडून तो आला, तीच निम्म्याहून कमी पैशांत पुन्हा करतो. अशा माणसाला कोवळ्या उन्हाचा सल्ला देताना लाज वाटली पाहिजे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९० मध्येच रात्रीच्या कामाविषयी करार आणि शिफारशी केल्या. रात्रीच्या कामगाराची मोफत आरोग्य तपासणी व्हावी, रात्रीचं काम झेपेनासं झालं तर दिवसाचं काम मिळावं, आणि दीर्घकाळ रात्री काम केलेल्यांचा ऐच्छिक, लवकर किंवा टप्प्याटप्प्याच्या निवृत्तीसाठी खास विचार व्हावा, असं त्यांत म्हटलं आहे. भारताने तो करार मंजूर केलेला नाही. फ्रान्समध्ये रात्रपाळीचे गुण कामगाराच्या खात्यात जमा होतात आणि त्यांवर तो लवकर निवृत्ती घेऊ शकतो.

तुलूझच्या संशोधकांनी दक्षिण फ्रान्समधल्या तीन हजारांहून अधिक माणसांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग दहा वर्षं तपासला. दहा वर्षांहून जास्त काळ पाळ्या केलेल्यांच्या मेंदूची घसरण साडेसहा वर्षांनी वय वाढल्यासारखी होती, आणि पाळी सुटल्यावर ती भरून यायला किमान पाच वर्षं लागली. एका अभ्यासावरून कायदा करता येत नाही, हे मान्य. पण पाच वर्षांचा हा आकडा मी डोक्यातून काढू शकत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी रातपाळी सुटली, तर पूर्ववत व्हायला त्रेसष्ट उजाडणार. त्रेपन्नाव्या वर्षी सुटली, तर माणूस निवृत्त होताना शाबूत असेल. वय वाढतं तशी दिवसाची झोप तुटक होते आणि रात्र जड जाते, हे प्रत्येक सुपरवायझरला ठाऊक असतं. चार्ट लावताना ते कुठे दिसत नाही.

कारखान्यांतले वेतनकरार साधारण तीन-साडेतीन वर्षांनी होतात. युनियनच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या आकड्याखाली एक कलम घाला. निवृत्तीआधीची पाच वर्षं रातपाळी ऐच्छिक असावी आणि ती नाकारल्याने पगारातला एक रुपयाही कापला जाऊ नये.