पाच थेंब तोंडातूनच का?

लस म्हटलं की बाही वर करून दंड पुढे करायचा, हे कोविडने आपल्याला पक्कं शिकवलं. मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात बाळांना मिळणारी रोटाव्हायरसची लस तोंडात का सोडतात? रडारड टाळायला? तसं असतं तर सगळ्याच लसी पाजल्या असत्या. खरं कारण आतड्यात आहे.

हा व्हायरस १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुलाबाने आजारी असलेल्या मुलांच्या आतड्यात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला. दिसायला चाकासारखा, म्हणून नाव रोटा. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक. लस नव्हती तेव्हा पाच वर्षांचं होईपर्यंत जगातलं जवळपास प्रत्येक मूल एकदा तरी त्याच्या तावडीत सापडायचं. म्हणजे बहुतेक तुम्ही-आम्हीसुद्धा. आपल्याला आठवत नाही, एवढंच.

आपल्या लहान आतड्याचं आतलं अस्तर फक्त एका पेशीच्या थराचं असतं. एवढ्या पातळ भिंतीपलीकडून रोज वडापाव, मेसची आमटी आणि कोट्यवधी जंतू जातात. त्यामुळे शरीरातल्या प्रतिकारपेशींचा मोठा जथा इथे मुक्कामाला असतो. रोटाव्हायरस नेमका या अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकाच्या पेशींत घुसतो. त्या पेशी मरतात, पाणी शोषलं जात नाही आणि जुलाब सुरू होतात. तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतते ती ही पाण्याची कमतरता.

मात्र पेशी गुपचूप मरत नाहीत. लागण झालेली पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारणींना सावध करते. मग काही दिवसांत टी-पेशी येतात आणि लागण झालेल्या पेशी हेरून मारतात. दुसरीकडे आतड्याच्या भिंतीत ‘पायर्स पॅचेस’ नावाच्या चौक्या असतात. तिथे डेंड्रायटिक पेशी व्हायरसचे तुकडे दाखवून बी-पेशींना कामाला लावतात. या बी-पेशी ‘आयजीए’ नावाच्या अँटिबॉडी बनवतात. त्या भिंत ओलांडून थेट आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि व्हायरसला दारातच धरतात.

मला सगळ्यात भारी वाटली ती पत्त्याची गोष्ट. आतड्यातल्या डेंड्रायटिक पेशी ‘अ’ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक अ‍ॅसिड बनवतात आणि त्याच्या जोरावर नव्या पेशींवर जणू ‘आतडं’ असा पत्ता लिहितात. त्या पेशी रक्तातून फिरल्या तरी परत तिथेच येतात. दंडात टोचलेल्या लसीतून तयार होणाऱ्या पेशींना हा पत्ता सहसा मिळत नाही. रक्तात अँटिबॉडी भरपूर, पण आतड्याच्या दारात पहारेकरी कमी. म्हणून थेंब!

भारतातली पहिली देशी लस, रोटावॅक, पाच थेंबांची. तिचा मूळ व्हायरस १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समधल्या, लागण होऊनही आजारी न पडलेल्या नवजात बाळांकडून मिळाला. दुसरी, रोटासिल, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. रोटावॅकच्या मोठ्या चाचणीत दिल्ली, वेल्लोरबरोबर पुण्याजवळच्या वढूचीही बाळं होती. निकाल २०१४ मध्ये आला: पहिल्या वर्षात गंभीर आजारापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण. श्रीमंत देशांत अशाच लसी ८५-९० टक्क्यांच्या घरात जातात.

अर्धवट यश? मला तसं वाटत नाही. ज्या आजाराने बाळं दगावतात, तो निम्म्याहून जास्त टळणं ही छोटी गोष्ट नाही. पण फरक का, हा प्रश्न उरतोच. आईकडून आलेल्या अँटिबॉडी लसीतल्या व्हायरसलाच अडवतात, कुपोषण असतं, आतड्यात आधीच इतर जंतूंची गर्दी असते, अशी कारणं संशोधक तपासत आहेत. लसच नाही, खरा आजारही इथे कच्चाच शिक्षक ठरतो. मेक्सिकोत दोनदा लागण झालेल्या मुलांना पुढे मध्यम किंवा गंभीर जुलाब झाले नाहीत. वेल्लोरमध्ये मात्र तीनदा लागण होऊनही संरक्षण ७९ टक्क्यांवरच थांबलं.

२०१६ मध्ये चार राज्यांपासून सुरू झालेली ही लस आता देशभर सरकारी केंद्रांत फुकट मिळते. घरात ताईचं किंवा वहिनीचं बाळ असेल तर कार्ड एकदा बघाच. पहिला डोस वर्षाच्या आत द्यावा लागतो.